फुकटची थंडी

शेडमध्ये एक संवाद ठरलेला होता. कुठलाही बोल्ट असो, झडप असो, नळाचा जोड असो, मॅडमनी विचारायचं, "तपासलं का?" आणि मीटरने उत्तर द्यायचं, "दादांनी तपासलंय." त्यापुढे कुणी बघत नसे. मॅडमसुद्धा नाही. मॅडम म्हणजे यंत्राची कर्ती, दोन पदव्या आणि वर डॉक्टरकी मिळवलेली. आणि दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, दहावीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेला मेकॅनिक. ती त्याला दादा म्हणते म्हणून सगळी शेड त्याला दादा म्हणे. चुनाभट्टीचे मॅनेजर त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते, तेही म्हणत. मीटर हा शेडमधला तिसरा. काट्यांवरचे आकडे मोठ्याने वाचायची त्याला इतकी खोड होती की घरी बायकोचा तापही तो ओरडूनच सांगत असणार.

दादा बहिणीला लोकांसमोर 'मॅडम' म्हणायचा आणि दोघंच असली की 'भिंगरी'. मॅडम म्हटलं की ती चिडायची, म्हणून तो एकदा म्हणायच्या जागी दोनदा म्हणायचा.

त्यांच्या वडलांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. ती पाच वर्षांची असताना तिने उघड्या फ्रिजमधल्या बर्फाच्या खणाला जीभ लावली आणि जीभ तिथेच चिकटली. वडील कामावर गेलेले. सोळा वर्षांच्या दादाने एका हाताने पोरीचं डोकं घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने कोमट पाणी सोडलं आणि जीभ सोडवली. ती रडली नाही. "असं का होतं?" म्हणून तिने पुढचे तीन दिवस त्याचं डोकं खाल्लं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वडील गेले, दुकान त्याच्या गळ्यात पडलं, आणि ती शिकत होती ती सगळी वर्षं तो लोकांचे फ्रिज आणि शीतगृहांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करत राहिला. त्याचा त्याने कधी बाऊ केला नाही. पोरगी हुशार होती आणि त्याला तिच्या शिकण्याची हौस होती, इतकंच.

यंत्राबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शेडच्या एका अंगाला चुनाभट्टी होती. चुनखडी भाजली की चुना होतो, आणि भाजताना दगडाच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खाली लाकूड जाळा, कोळसा जाळा नाहीतर विजेची शेगडी लावा, दगड तो सोडणारच. धुराड्यातून तो वर जातो आणि पृथ्वीच्या अंगावरचं पांघरूण आणखी जाड करतो. शेडच्या दुसऱ्या अंगाला गॅसचा डेपो होता. तिथे इंधनाचा गॅस यायचा तो गार करून पातळ केलेला, उणे एकशे साठ अंशांवर. नळातून पुढे सोडण्याआधी त्याला परत ऊब द्यावी लागे. डेपोवाले त्याच्या नळ्यांवर रात्रंदिवस पाणी सोडत, आणि ती सगळी थंडी गटारात वाहून जाई.

भिंगरीच्या डोक्याने घेतलं ते हे. धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायला लोक महागडी रसायनं आणि ढीगभर वाफ खर्च करतात. पण धूर नुसता पुरेसा गार केला, उणे शंभराच्याही खाली नेला, तर तो आपण होऊन गोठतो आणि हिम होऊन बसतो. एवढी थंडी तयार करायची तर दिवाळं निघेल. पण इथे भिंतीपलीकडे ती फुकट वाहून चालली होती. मग खर्च उरतो नळांचा, पंख्यांचा आणि तीन माणसांचा.

घोडं अडलं ते हिमापाशी. ते गार पत्र्यांना चिकटायचं आणि तासा-दोन तासांत धुराची वाट बुजवून टाकायचं. पहिली पाच यंत्रं त्यातच मोडीत निघाली, आणि त्या पाच यंत्रांत भिंगरीची अकरा वर्षं गेली. मग एकदा जेवताना दादा सहज म्हणाला, "पत्रा जागचा हलत नाही म्हणून बुजतो ना? मग पत्र्याऐवजी छर्रे घाल. बेअरिंगचे. वाहते राहतील." ती घास हातात धरून तशीच बसली. सहावं यंत्र त्या घासातून निघालं.

दोन मजली उंचीचं नळकांडं. वरून गार छर्रे सावकाश खाली सरकणार, खालून कोरडा केलेला धूर वर चढणार, आणि छर्ऱ्यांवर पांढरी साय धरणार. तळाशी हलती चाळणी; तिथे हिम झडून टबात पडायचं, आणि मोकळे छर्रे बादल्यांच्या साखळीने पुन्हा वर जायचे. त्या साखळीला सगळे 'माळ' म्हणत. हे सगळं तीस दिवस एकदाही न थांबता चालवून दाखवायचं होतं. तीस दिवस चाललं तर भट्टीवाले मोठं यंत्र बांधायचा विचार करणार होते. नाही चाललं तर शेड चुन्याच्या पोत्यांना परत द्यायची होती.

टबातल्या हिमाचं पुढे काय करायचं, हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. ते वायू करून जमिनीत खोल पुरायला नळ टाकणार होते, तो नळ कागदावरच राहिला. म्हणून मीटर रोज टब काट्यावर ठेवी, आकडा ओरडे आणि टब मागच्या आवारात नेऊन ठेवी. संध्याकाळपर्यंत टब रिकामा. पकडलेला सगळा कार्बन डायऑक्साइड जिथे जायचा थांबवला तिथे परत.

"मॅडम, मग आपण नक्की करतोय काय?" मॅनेजरांनी एकदा विचारलं.

"पकडता येतो हे दाखवतोय."

"आणि ठेवायचा कुठे?"

"ते दुसऱ्या कुणाचं काम आहे," ती म्हणाली. मॅनेजर हसले. ती हसली नाही.

आता छर्ऱ्यांची गोष्ट. साधं पोलाद तसल्या थंडीत काचेसारखं होतं. दादाने शीतगृहात कॉम्प्रेसर दुरुस्त करताना एकदा गार नळावर ठेवलेला पान्याचा जबडा फुटाण्यासारखा फुटलेला पाहिला होता, त्यामुळे हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. यंत्राला स्टेनलेसचे छर्रे लागत, बाराशे किलो. दोन्ही दिसायला सारखेच, पण या जातीच्या स्टेनलेसला चुंबक लागत नाही आणि साध्याला झटकन लागतं. प्रत्येक पोतं दादा स्वतः चुंबकाने तपासून घेई. एकोणतीस पोती आली. चाळीस किलोचं तिसावं पोतं आलंच नाही. सोमवारी डेपोवाले थंडीचा नळ, म्हणजे त्यांच्या गॅसने गार केलेल्या नायट्रोजनचा नळ, जोडून देणार होते, आणि तो सोमवार हुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची होती.

शनिवारी दुपारी दादा कोठीत शिरला तर भिंगरी एका पालथ्या खोक्यावर बसलेली. हुंदके देऊन रडत होती असं नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसायचा कंटाळा केल्यासारखी बसली होती. तिला तसं त्याने वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. तो आल्या पावली मागे फिरला.

वडलांच्या दुकानाच्या माळ्यावर जुन्या बेअरिंगचे छर्रे होते, वीस वर्षं जमवलेले. रविवारी त्याने त्यातले चाळीस किलो तेवढ्याच मापाचे निवडले, रॉकेलमध्ये धुतले, वाळवले, फडक्याने चकचकीत केले. बाराशेत चाळीस, त्याने मनाशी म्हटलं, पिठात मीठ. सोमवारी सकाळी तो शेडमध्ये पोतं घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, आले बघा छर्रे."

"सगळे तपासलेस?"

"हो," तो म्हणाला.

तिने पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा चेहरा असा उजळला की दादाला आपण जे केलं ते बरोबरच केलं असं वाटलं. हे त्याचं वाटणं सहा दिवस टिकलं.

सातव्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा नळकांड्याला कान लावून उभा राहिला. छर्रे खाली सरकतात त्याचा एक आवाज असतो, धान्य ओतल्यासारखा सळसळता. त्या सळसळीत मधूनच एक बारीक कचकन असं काहीतरी होतं. दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसतं. दादाने कान आणखी घट्ट टेकवला. त्याने चाळणीजवळची खिडकी उघडली, हातमोजा घालून बोटं आत घातली, आणि त्याच्या हाती अर्धा छर्रा लागला. कडा वस्तऱ्यासारखी.

त्या क्षणी जाऊन सांगायला हवं होतं. ते त्याला तेव्हाही कळत होतं, उगाच त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही. पण त्याने अर्धा छर्रा खिशात टाकला आणि दुपारी एका लोखंडी कांबीच्या टोकाला चुंबक बांधलं. दर चार तासांनी चाळणीची खिडकी उघडून पाहणं हे त्याचं कामच होतं. दोन मिनिटांपेक्षा जास्त उघडी ठेवली तर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि चाळणी बुजते, म्हणून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तो कांब आत घाली. छर्रे चाळणीवरून धावत, आणि त्यातले साधे तेवढे कांबीला येऊन डसत. मूठभर. ते डब्यात. डबा पिशवीत. पिशवी घरी. दिवसाला पावणेदोन किलो निघत होते. चाळीस किलोला तेवीस दिवस. म्हणजे बरोबर तिसाव्या दिवशी चुकीचा शेवटचा छर्रा बाहेर. हा हिशोब त्याला देवाने खास त्याच्यासाठी मांडून दिल्यासारखा वाटला.

"अहो, डबा आहे की वजनाचं माप?" बायकोने दुसऱ्याच दिवशी विचारलं. "खांदा निखळेल माझा."

"छर्रे आहेत. खराब निघालेले."

"मग तिथेच टाकायचे. घरी कशाला?"

तो चपला काढायला वाकला. तीस वर्षांच्या संसारात बायकोला त्याची गप्प बसायची पद्धत पाठ झाली होती. तिने झाकण उघडून पाहिलं, फुटके छर्रे बोटाने बाजूला केले, आणि मोरीखालची बादली काढून त्यात ओतले.

"भिंगरीला माहीत आहे?"

"मी निस्तरतोय."

"ते नाही विचारलं मी."

"अगं, तेवीस दिवसांचा प्रश्न आहे. आता सांगितलं तर ती यंत्र थांबवेल, सगळं खाली करेल. पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षं झाली तिला. निघतायत ना रोज? निघू दे."

"तिला सांगा," बायको म्हणाली. "ती रागावेल. रागावू दे. लहानपणी काय रागावत नव्हती?" त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, फक्त रोज डबा घेताना त्याच्याकडे क्षणभर बघायची, आणि बादली भरली की दुसरी आणून ठेवायची.

नवव्या दिवशी दुपारी भिंगरी डेपोच्या ऑफिसात गेली होती. परत आली ती जरा गप्प होती. "काय म्हणतायत शेजारी?" दादाने विचारलं. "काही नाही, नेहमीचंच," ती म्हणाली आणि टेबलाच्या खणात काहीतरी ठेवून खण लावून घेतला. त्या दिवसापासून ती कामाला अशी जुंपली की बघवेना. मीटरने वाचलेला आकडा ती स्वतः लिहून घ्यायची, जेवण उभ्यानेच उरकायची. दादाला वाटलं, शेवट जवळ आला म्हणून पोरगी पेटलीय. त्याला बरं वाटलं. आपल्या चोरीचा धसका घेतलेला माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्यावर फक्त आपलीच चोरी सापडलीय का एवढंच वाचतो, बाकी त्याला काही दिसत नाही.

पंधरावा दिवस गेला. विसावा गेला. धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचे शंभरातले नव्वद भाग टबात येत होते आणि मीटर वजन असं ओरडायचा जणू घरात नातवंड झालंय. दादाच्या मोरीखाली तिसरी बादली आली. सव्विसाव्या दिवशी त्याने घरच्या काट्यावर एकूण मोजलं तर साडेतेहतीस किलो निघाले होते. नळकांड्यातली कचकच जवळजवळ थांबली होती. त्या संध्याकाळी तो कितीतरी दिवसांनी दोन घास जास्त जेवला.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी अकराला तळाच्या चाकात एक तुकडा अडकला. माळ तुटली. वर गेलेल्या बादल्या छर्ऱ्यांसकट दोन मजल्यांवरून खाली आल्या. असा आवाज झाला की भट्टीवरची माणसं धावत आली. मग पंखे बंद झाले आणि शेडमध्ये शांतता पसरली. सत्तावीस दिवसांत पहिल्यांदाच.

झाकण दादानेच उघडलं. दुसरं कोण उघडणार? चाकाच्या दातांत तो तुकडा रुतून बसलेला त्याला पहिल्या नजरेत दिसला. भिंगरी त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती. त्याने अंगाने आडोसा केला, पक्कडीने तुकडा उपटला आणि मुठीत घेतला.

"काय झालं?"

"माळ तुटली."

"कशानं?"

"थंडीनं असेल," तो म्हणाला. "इतके दिवस सतत... कडी दमली असेल." तुकडा इतका गार होता की तळहात भाजत होता. त्याने मूठ उघडली नाही.

"दादा," ती म्हणाली, "तू कडी तपासली होतीस ना?"

"तपासली होती."

कडी त्याने खरंच तपासली होती. तिने मान हलवली. त्याच्यावर तिने विश्वास ठेवला आणि जो काही दोष उरला तो सगळा स्वतःच्या पद्धतीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिच्या काचेच्या खोलीत अहवाल लिहीत बसली होती. खोली कसली, शेडच्या कोपऱ्यात काचा लावून केलेला खुराडा. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. दादा चहा घेऊन आत गेला. तळहातावर बायकोने बांधलेली पट्टी होती.

"बस," ती म्हणाली. "ऐक, बरोबर वाटतंय का सांग. तू यंत्र माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस." आणि तिने सरळ आवाजात वाचलं, "इतक्या कमी तापमानात सतत हलणारे भाग दीर्घकाळ टिकत नाहीत. त्यामुळे छर्ऱ्यांची ही पद्धत व्यवहारात उपयोगी ठरेल असं आढळलं नाही."

"हे असं लिहिणार तू?"

"मग काय लिहू? जे झालं ते."

"हे खोटं आहे," दादा म्हणाला. त्याने खिशातून तो तुकडा काढला आणि तिच्या कागदावर ठेवला. मग शेजारच्या पेनस्टँडला लावलेलं चुंबक काढून त्याच्याजवळ नेलं. तुकडा उडी मारून चिकटला.

भिंगरी त्या तुकड्याकडे बघत राहिली. तिला समजायला फार वेळ लागला नाही. तिला काहीच समजायला कधी वेळ लागत नसे.

"तिसावं पोतं," ती म्हणाली.

"हो."

"आलंच नव्हतं?"

"नाही. दुकानातले होते ते. तू कोठीत बसलेलीस शनिवारी... मला बघवलं नाही." मग त्याने सगळं सांगितलं. कांब, चुंबक, डबा, मोरीखालच्या बादल्या. सांगताना तो एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर परत सुरू करता आलं नसतं.

"तुला कधी कळलं? फुटतायत हे?"

"सातव्या दिवशी."

ती एकदम उठून उभी राहिली. ओरडेल, पेपरवेट फेकेल, काहीतरी करेल म्हणून दादा वाट बघत होता. त्याला ते हवंच होतं. पण ती पुन्हा खाली बसली, खण उघडला आणि एक पत्र त्याच्यासमोर ठेवलं.

डेपोचं पत्र होतं, नवव्या दिवसाच्या तारखेचं. भाषा गोडगोड. आपल्या प्रयोगामुळे आमच्याकडील वाया जाणाऱ्या थंडीचं मोल आमच्या ध्यानात आलं, त्याबद्दल आपले आभार. ती थंडी आता आवारात होणाऱ्या नव्या शीतगृहांना देण्याचा करार झाला आहे. आपली जोडणी अमुक तारखेला बंद करण्यात येईल. दादाने बोटांवर मोजलं. पंचेचाळिसावा दिवस.

"फुकट थंडी होती म्हणून आपलं स्वस्त होतं," भिंगरी म्हणाली. "आपणच त्यांना दाखवलं की ही विकता येते. आता संपलं. दुसरीकडे कुठे विचारलं तरी हेच होणार."

"तुला नवव्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग रोज इतकं राबत कशाला होतीस? मोठं यंत्र तर होणारच नव्हतं."

"एका ओळीसाठी." ती म्हणाली. "तीस दिवस, न थांबता. एवढी एक ओळ खरी लिहून ठेवायची होती. मग कधीतरी, कुठेतरी, कुणाकडे तरी थंडी असेल, तो वाचेल आणि म्हणेल, अरे, हे चालतं. बाकी काही उरलंच नव्हतं रे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझे हातपाय गळाले असते. मला वाटलं, दादा तरी खुशीत काम करतोय, करू दे."

भिंगरी पेन्सिलीने कागदाच्या कडेला आकडे मांडत होती. लहानपणापासून तिला हीच सवय. मनात वादळ उठलं की हात हिशोब करायचा.

"अगदी दहाव्या दिवशी थांबवलं असतं," ती म्हणाली, "तरी चार दिवसांत सगळे छर्रे निवडून झाले असते. आपण तिघं, वहिनी, भट्टीवरची दोन माणसं. चौदाव्याला परत सुरू. चव्वेचाळिसाव्याला तीस पूर्ण. थंडी बंद पंचेचाळिसाव्याला." तिने पेन्सिल ठेवली. "जमत होतं. एक दिवस वर उरत होता. आज अठ्ठाविसावा आहे, दादा."

ती रागाने बोलली असती तर त्याने सोसलं असतं. ती नुसती बेरीज सांगत होती, आणि बेरीज बरोबर होती.

"आता लिही ना," तो घाईने म्हणाला. "माझं नाव घालून लिही. चुकीचे छर्रे मी घातले. पद्धत बरोबर आहे."

"लिहीन. नाव कशाला? लिहीन, की भरताना चुकीचे छर्रे मिसळले गेले." तिने ते वाक्य खोडलं आणि खाली नवीन लिहिलं. "पण कोण मानेल? सत्ताविसाव्या दिवशी मोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या अहवालात असंच काहीतरी असतं. मी स्वतः अशी किती वाक्यं वाचून सोडून दिलीयत. पुन्हा चालवून दाखवलं नाही तर कारण म्हणजे नुसती सबब." चहावर साय धरली होती. तिने कप उचलला आणि परत ठेवला. "तीस दिवस चाललं असतं का, हे आता मलाही माहीत नाही."

यंत्र कुणाला हवंय का म्हणून भिंगरीने लिहून विचारलं होतं; पुढच्या आठवड्यात एका लांबच्या कॉलेजचं उत्तर आलं. यंत्राची चित्रं आणि छर्रे पाठवून द्या, जागा झाली तर कधी विचार करू. एवढंच. भिंगरीने ते पत्र मीटरला वाचून दाखवलं, आणि मीटरने आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात "बरं" म्हटलं. त्याला भट्टीवर पोती मोजायचं काम मिळालं होतं.

छर्रे निवडायचं दादाने अंगावर घेतलं. कुणाची मदत घेतली नाही. शेडमध्ये दाराजवळ टेबल मांडलं, मोठं ताट घेतलं, आणि ओंजळ ओंजळ छर्रे ताटात ओतून त्यांच्यावरून चुंबक फिरवायचं, ताट हलवायचं, पुन्हा फिरवायचं. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास छर्रे होते. जोडणी बंद व्हायला दिवस राहिले होते, पण थंडी घेणारं यंत्र नव्हतं. डेपोच्या बाजूने आलेला नळ मोकळा सोडलेला, त्याच्या तोंडाशी पांढरा धूर आणि खाली भिंतीवर बोटभर जाड बर्फ. दादा त्याच्याकडे पाठ करून बसायचा. मागच्या आवारातला टब पालथा पडला होता. त्याची बायको दुपारी जेवण घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसायची. 'मी म्हटलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि त्याबद्दल तो तिचा जन्मभर ऋणी राहील.

पंचेचाळिसाव्या दिवशी दुपारी शेवटचं ताट झालं. फुटके, अर्धे, सगळे धरून साडेपाच किलो निघाले. आणखी तीन दिवस माळ तुटली नसती तर... तो विचार त्याने तिथेच सोडला. स्टेनलेसचे छर्रे एकोणतीस बादल्यांत भरून त्याने रांगेत लावले. बाहेर डेपोच्या माणसाने नळाचं चाक फिरवलं, तोंडाशी येणारा पांढरा धूर विरळ झाला आणि थांबला.

भिंगरी काचेच्या खोलीतून बाहेर आली. अहवालाचं पाकीट तिच्या हातात होतं. ती बादल्यांच्या रांगेपाशी थांबली.

"सगळे तपासलेस?"

"हो," दादा म्हणाला. "एकूण एक. दोनदा."

हे खरं होतं. त्याने आयुष्यात कुठलंच काम इतकं नीट केलं नव्हतं. एरवी ती "बरं" म्हणून वळली असती. आज ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट तिलाच कसंतरी होत असल्यासारखं वाटत होतं. तिने पाकीट टेबलावर ठेवलं, स्टूल ओढलं आणि त्याच्यापुढे हात पसरला. काय मागतेय ते त्याला चटकन कळलं नाही. कळलं तेव्हा त्याला उभ्या जागी मेल्यासारखं झालं.

त्याने चुंबक तिच्या हातावर ठेवलं. तिने पहिली बादली जवळ ओढली, ओंजळभर छर्रे ताटात ओतले आणि खाली मान घालून त्यांच्यावरून चुंबक फिरवायला लागली. दादाने दुसरी बादली उचलून तिच्या हाताशी आणून ठेवली.